पहिल्या नंबरचा मंत्र

लातुरातल्या माणसाला कशाचीही रँक लावल्याशिवाय चैन पडत नाही. आमच्या खेळातल्या मंत्रांनाही त्यातून सुटका मिळाली नाही.

रँक लावणारा होता गणिताचा सर. मी जीवशास्त्र शिकवते, क्लास दोघांचा एकच. रविवारची टेस्ट आटोपली की आम्ही चौघं शिक्षक रिकाम्या वर्गात पात्रांचा खेळ मांडायचो. प्रत्येकाने आपलं पात्र घडवायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार. भौतिकशास्त्राच्या मॅडम गोष्ट पुढे न्यायच्या आणि वार लागला की नाही ते फासे ठरवायचे. एकेक पात्र वर्षानुवर्षं चालतं, त्यामुळे त्यावर जीव जडतो. माझी होती एक नावाडीण. जखमा भरायची, कुणाला झोपवायची, वेळ पडली तर मौनाचा मंत्र टाकायची, म्हणजे तेवढ्या जागेत कुणाचाच आवाज फुटत नाही. माझ्यात नसलेलं सगळं धाडस मी तिला देऊन टाकलं होतं.

एकदा गणितवाल्याने फळ्यावर सगळे युद्धमंत्र मांडले. कशाला किती फासे, सरासरी मार किती. त्याच्या जादूगाराचा आगीचा गोळा पहिला आला. माझे मंत्र तळाला, आणि मौनापुढे तर चक्क शून्य, कारण त्याने कुणाला साधं खरचटतही नाही.

"याचं सिलेक्शन होत नाही," तो म्हणाला.

मी म्हटलं, मंत्र कुणावर आणि कधी टाकतो त्यावर असतं ना.

"ते डिस्क्रिप्टिव्ह झालं, मॅडम. आपल्याकडं ऑब्जेक्टिव्ह असतंय."

पुढच्याच लढाईत नावाडीण एकटी पुलावर दरोडेखोरांना अडवून उभी होती. तिच्या जिवावर बाकीचे निसटले होते. गणितवाल्याने तिथेच आगीचा गोळा टाकला.

"सर, त्या मधीच उभ्या हायत," भौतिकशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या. "नक्की का?"

"नक्की. एक जाईल, पण सगळी टोळी जाईल. फायद्यात हाय."

नावाडीण जळून गेली. मी तिच्या पात्राचा कागद जवळ ओढला आणि डोळे पुसले.

"रडायलात का काय, मॅडम? दुसरं पात्र बनवा की. कागदच तर हाय." आणि त्याने समोशांचा पुडा माझ्यापुढे सरकवला.

तेव्हाच ठरलं. याचा जादूगार मी मारणार, चारचौघांत मारणार, आणि त्याने शून्य दिलेल्या मंत्रानेच मारणार. पेशीविभाजन शिकवतानाही माझ्या डोक्यात हेच शिजत असायचं. मी नियम पुन्हा पुन्हा वाचले. त्याचे वरच्या रँकचे झाडून सगळे मंत्र तोंडाने म्हणावे लागत होते. माराचे आकडे मोजण्याच्या नादात त्याने हे कधी बघितलंच नव्हतं. मग मी नवं पात्र घडवलं, कुस्ती खेळणारी पुजारीण, आणि त्याला द्वंद्वाला बोलावलं. हरेल त्याचं पात्र मरेल, एवढीच अट.

दिवस निवडला वेळ अमावस्येचा. त्या दिवशी सगळं लातूर रानात असतं आणि शेतावरचं बोलावणं कुणी मोडत नाही. निलंग्याजवळच्या आमच्या शेतात रानात उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढे पूजा झाली, जेवणात भज्जी-आंबील झाली. मग सतरंजीवर फासे निघाले, तसे भाऊ, वहिनी, शेजारच्या रानातली माणसंही भोवती जमली. मला हेच हवं होतं.

पहिली पाळी माझी आली. मी मौन टाकलं. तो हसला, मूठभर फासे खुळखुळवत म्हणाला, "आगीचा गोळा."

"आवाज फुटंना, सर," भौतिकशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या. "मंत्र म्हणावा लागतोय."

त्याची पाळी वाया गेली. माझ्या पाळीला पुजारिणीने जादूगाराची कंबर धरली. आता त्याला मौनाबाहेर पडता येईना. तो कागदावरून बोट फिरवत राहिला.

"सगळ्यालाच बोलावं लागतंय?"

"पहिल्यापासून."

मग मी नुसत्या बुक्क्यांनी मारलं. माझा एकेक फासा कमीच पडत होता, लढाई लांबत होती, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं. शेवटी त्याने फासे खाली ठेवले.

"एवढ्यावर थांबा, मॅडम. विष्णुपुरीच्या कॉलेज होस्टेलपासूनचा हाय तो माझा."

"सोड की गं," भाऊ म्हणाला. "पाहुणा हाय."

सगळे माझ्याकडे बघत होते. मारायचा की सोडायचा, भौतिकशास्त्राच्या मॅडमनी विचारलं.

"मारायचा," मी म्हटलं आणि फासा टाकला.

त्याने पात्राचा कागद नीट घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिशावर हात धरून बसून राहिला. डोळे लाल झाले होते. वहिनी खीर घेऊन आली तेव्हा त्याने नको म्हणून मान हलवली. मी तिच्या हातातून पळी घेतली, त्याच्या ताटात भरपूर वाढली, आणि तो शेवटचा घास गिळेपर्यंत समोर बसून राहिले.