धोंडे जेवताना सोडलेल्या गोळ्या

लग्न ठरलं तेव्हा मला क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन महिना झाला होता. अमरावतीच्या डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते. अकोल्याच्या मुलीकडच्या मंडळींना आम्ही काही कळवलं नाही. बरा होतोच आहेस तर बोभाटा कशाला, असं आई म्हणाली. मलाही तेच हवं होतं.

लग्नापाठोपाठ अधिक महिना आला आणि सासरहून धोंडे जेवायचं बोलावणं. त्या गोळ्यांनी लघवी शेंदरी होते. घरी मी बादलीभर पाणी ओतून निभावत होतो. सासरी मोरी अंगणात, आणि जावयामागे कोणी ना कोणी टॉवेल घेऊन उभंच. म्हणून आठ दिवस गोळ्या घेतल्या नाहीत. पुरणाचे धोंडे खाल्ले, अंगानं भरलो, खोकला नव्हताच. परतल्यावरही गोळ्यांचं पाकीट उघडलं नाही.

वर्षभरात खोकला परत आला. तंबाखूचा आहे, असं मी सांगत राहिलो. मग बायकोला ताप येऊ लागला. तिचं निदान झालं, घरातल्यांची तपासणी झाली, त्यात मलाही क्षय निघाला. सुनेनं माहेराहून आणलं आणि पोराले लावलं, हे आईनं आळीभर केलं. बायकोची एक आत्या पूर्वी क्षयानं गेली होती, तेवढं पुरलं. मी गप्प राहिलो. या खेपेला गोळ्या मात्र पूर्ण घेतल्या. लपवायची गरज उरली नव्हती. दोघंही बरे झालो.

त्याला वीस वर्षं झाली. मागच्या वर्षी साळ्याच्या मुलीची सोयरीक अचलपूरला जुळत आली होती. घराण्यात क्षय आहे, हे त्या लोकांच्या कानावर गेलं आणि ते थांबले. क्षय कोणाला होतो ते जनुकांवर असतं, असं साळ्यानं कुठंसं वाचलं होतं. मुलीचं रक्त तपासून कागद दाखवू म्हणून तो तिला घेऊन अकोल्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे निघाला. मलाही सोबत नेलं.

बाईंनी सांगितलं, असा कागद कोणी देऊ शकत नाही. शरीर जंतूला किती लवकर ओळखतं, किती नेटानं रोखतं, यात जनुकांचा थोडा वाटा असतो. म्हणून एकाच घरात एकाला होतो, दुसऱ्याला नाही. पण जंतू रक्तातून उपजत नाही, कोणाच्या तरी खोकल्यातूनच येतो. मग त्यांनी साळ्याला विचारलं, तुमच्या बहिणीला कोणाकडून झाला होता?

"आमच्याच खानदानात होता," साळा म्हणाला. "भाऊजीले बी तिच्यापासूनच झाला."

मी म्हणालो, "नाही. तिला माझ्यापासून झाला."

मग पाकिटापर्यंत सगळं सांगितलं. मुलगी माझ्याकडे बघत होती. साळ्यानं बाहेर येऊन अचलपूरला फोन लावला आणि माझ्यापुढे धरला.

"आधी तुझ्या बहिणीला सांगतो," मी म्हणालो.

"तिले सांगाले वीस वर्षं होते तुमच्यापाशी. आता याहिले सांगा."

मी सांगितलं. चार दिवसांनी त्यांचा होकार आला.

बायकोला मी फोन झाला त्याच दिवशी अमरावतीला परतून सांगितलं होतं. ती मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"माही माय मरेपर्यंत म्हणे, माह्याच पोरीनं जवायाले रोग देला," ती म्हणाली. "तुमी तिच्या तेरवीलेही जेवून आले."

जेवलो होतो, हे खरं आहे.