झोपेवर पाळत

झोपेवर माझ्या मामांइतका अविश्वास धरणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा नसेल. आईचे हे धाकटे भाऊ धुळ्याला देवपुरात आमच्याकडेच राहतात. तरुणपणी त्यांना स्किझोफ्रेनिया झाला, कानात माणसं बोलू लागली. गोळ्यांनी ती माणसं गप्प झाली, पण मामा अंथरुणावर आडवे होईनात. लाकडी खुर्चीत ताठ बसून डुलक्या घ्यायचे आणि मान कलली की स्वतःलाच दटावायचे, "ऊठ, कारभार सुरू झाला." कसला कारभार, असं विचारलं तर म्हणायचे, "निजनू का आंग मन्हं ऐकत नई." म्हणजे झोपलो की अंग माझं ऐकत नाही. मे महिन्यात, कावळेसुद्धा सावली सोडत नाहीत अशा उन्हात, हा गृहस्थ जाड स्वेटर घालून भाजी आणायला निघायचा. एका लग्नात कुणा टवाळाने तो स्वेटर ओढला, तेव्हा मामांनी मठ्ठ्याचं पातेलं त्याच्या डोक्यावर रिकामं केलं. नातेवाईक पोट धरधरून हसले. वेड्याच्या स्वेटरलाही काही कारण असू शकतं, हे त्यातल्या एकाही शहाण्याच्या मनात आलं नाही.

जागरणांनी शेवटी कानातले आवाज परतले. आई त्यांना जळगावला एका नव्या डॉक्टर बाईंकडे घेऊन गेली, मी सोबत होतो. बाईंनी इतक्या वर्षांत कुणी न विचारलेलं विचारलं, "छातीला सूज आहे का?"

मामांनी खाली बघत स्वेटर काढला. त्यांचे स्तन बायकांसारखे वाढले होते.

"झोपेत शरीरात काहीतरी स्रवतं, असं वाचलं होतं," ते पुटपुटले. "म्हणून झोपत नव्हतो."

"ते प्रोलॅक्टिन, स्तनांत दूध आणणारं संप्रेरक. झोपेत सगळ्यांचंच वाढतं. तुमच्या गोळीने मात्र ते दिवसाही उतरत नाही. दोष गोळीचा आहे. ती बदलू."

"आधीच्या डॉक्टरांना हे ठाऊक होतं?"

"असणार."

"मग मला का नाही सांगितलं?"

बाई नवी चिठ्ठी लिहू लागल्या. मामाच म्हणाले, "वेड्याला काय सांगायचं."

गोळी बदलली. मामा गादीवर झोपू लागले. सूज थोडी उतरली, उरलेली शस्त्रक्रियेने जाईल असं बाई म्हणाल्या, पण पन्नाशी ओलांडलेले मामा म्हणाले, "राहू द्या आता."

परवा चहा पिता पिता त्यांनी आपणहून विषय काढला. "अक्का, भडगावची मुलगी बघायला गेलो होतो, आठवतं?"

"तूच नको म्हणालास," आई म्हणाली.

"आजाराचं मी तिला सांगितलं होतं. म्हणाली, गोळ्या वेळेवर घ्या म्हणजे झालं." मामांनी बशीतला चहा संपवला. "हे दुसरं सांगायला तोंड उघडेना."

आईने त्यांच्या बशीत आणखी चहा ओतला.

"चांगली होती," मामा म्हणाले. "उगाच लाजत नव्हती."