आसरांचा डोह आणि आमचे मास्तर

आमच्या घरात मासळी चालत नव्हती. माहेर चौसाळ्याकडचं, सासर बीडचं, दोन्हीकडं गळ्यात तुळशीची माळ. बाजारात भोयांची मासळीची पाटी दिसली की माझी सासू पदर नाकाला लावून दुसऱ्या बोळातून जायची. आणि त्याच घरात माझ्या नवऱ्यानं गोठ्यातल्या फळीवर माशांच्या बाटल्या मांडल्या. सरकारी दवाखान्यातून मागून आणलेल्या स्पिरिटात बुडालेले, पांढरे पडलेले, डोळे वटारलेले मासे. सासू होती तोवर हे धाडस झालं नाही. तिचं वर्षश्राद्ध उरकलं आणि पहिली बाटली घरात आली. मी म्हटलं, अहो, आता शेजारणी हळदीकुंकवाला यायच्या बंद होतील. झाल्याही दोघीतिघी. मास्तरांना त्याचं काय!

सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून मीही मास्तरच म्हणते. निजाम सरकारच्या मदरशात ते उर्दूतून हिशेब शिकवायचे. हैदराबादेत शिकायला होते तेव्हा तिथल्या कुणा प्रोफेसरानं हे माशांचं खूळ त्यांच्या डोक्यात भरवलं. कोणता मासा वाळूत राहतो, कोणता खडकात, वाहतं पाणी कुणाला लागतं, अंडी कुठं घालतात, हेच त्यांना बघायचं असे. जुम्म्याला मदरशाला सुट्टी. बाकीचे मास्तर लोक त्या दिवशी झोपा काढायचे, आणि आमचे धोतर खोचून बिंदुसरेच्या पात्रात उभे. मला बरोबर न्यायचे, कारण माझा रांगोळीचा हात बरा होता. बाटलीत माशाचा रंग उडून जातो, म्हणून तो मडक्यात जिवंत असतानाच मी त्याचं चित्र काढायचं. पहिल्या दिवशी मला ओकारी आली. मग शिंगट्याच्या मिशा आणि मरळीच्या अंगावरचे पट्टे बोटांना पाठ झाले. आम्हाला मूलबाळ नव्हतं. संसार म्हणजे आमचा हाच होता, आणि खोटं कशाला बोलू, मला तो आवडायला लागला होता.

मास्तरांना एकच कोडं छळत होतं. बिंदुसरा चैतापासून सुकते. वैशाखात तर पात्रात नुसती वाळू, बायका तिथं वाळवणं घालतात. मग आषाढात पूर आला की त्यात मासे कुठून येतात? लोक म्हणत, आभाळातून पडतात. कुणी म्हणे, वाळूत बी असतं. मास्तर म्हणायचे, कुठंतरी यांचं उन्हाळ्यातलं घर आहे, ते मला सापडत नाही. दोन उन्हाळे आम्ही नदी पालथी घातली. जिथं जिथं डबकं राहिलेलं, तिथं तिथं माणसं आधीच पोचलेली. शेराच्या फांद्या ठेचून पाण्यात टाकायच्या, त्याच्या चिकानं मासे उताणे होऊन वर येतात, ते पाट्यांनी भरून न्यायचे. आमच्याकडं याला डोह मारणं म्हणतात. उन्हाळ्यात गावंच्या गावं डोह मारायला निघत.

एकच डोह कुणी मारत नव्हतं. पाली गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातून नदी उतरते तिथं काळ्या खडकाखाली तो होता. वर करंज आणि जांभळाची सावली, पाणी हिरवंगार, आणि काठावर शेंदूर लावलेले सात दगड. साती आसरांचा डोह. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. भर दुपारी पाण्याजवळ गेलेल्या माणसाला त्या आत ओढून नेतात, विशेष करून जवान पुरुषाला. बाळंतीण उठली की तिथं जाऊन ओटी भरायची, दहीभात ठेवायचा, मागं न बघता परत यायचं. जाळं सोडा, त्या पाण्यात कुणी पायसुद्धा धूत नव्हतं.

मास्तरांनी तो डोह बघितला आणि लहान पोरासारखे टाळी वाजवून हसले. हेच ते घर, म्हणाले. आसरांच्या भीतीनं माणूस आत येत नाही, म्हणून सगळ्या नदीचं बेणं इथं उन्हाळा काढतं आणि पुराबरोबर खाली पसरतं. वरून बघून त्यांचं भागेना. तळ कसा आहे, खडकाखाली पोकळी किती, पाणी आटत कसं नाही, हे त्यांना बघायचं होतं. मी हातापाया पडले. अहो, देवीचं ठिकाण आहे, काठावरूनच बघा. ऐकतात कशाला! भर दुपारी, ऊन सरळ तळापर्यंत पोचतं म्हणून मुद्दाम त्याच वेळेला, त्यांनी डोहात उडी टाकली. मी काठावर सात दगडांना हात जोडून बसले. वर आले ते दात वाजवत आणि हसत. खाली जिवंत झरा आहे, पाणी बर्फासारखं आहे, आणि खडकाखाली मरळींची अख्खी वस्ती आहे.

त्यानंतर दर जुम्म्याला तेच. पालीची माणसं आधी लांबून बघायची. कुणी म्हणालं, आज बुडणार बे हा. बुडले नाहीत. मग जवळ येऊन बसायला लागली. मरळीची पिल्लं लालसर असतात, घोळक्यानं वर तरंगतात, आणि आईबाप दोघं त्यांच्या खाली राखणीला असतात, हे मास्तर त्यांना काठावरून दाखवायचे. लोकांनी विचारलं, मास्तर, आत काय हाय? ते सांगायचे, खडक आहे, झरा आहे, मासे आहेत, दुसरं कोणी नाही. मला तेव्हाच बरं वाटेना. घरी येताना मी म्हटलं, कावून सांगता असं? भीती आहे तर राहू द्या की. त्यावर ते चिडले. माणसांना भीती घालून काही टिकवायचं हा माणसांचा अपमान आहे, म्हणाले. कारण समजावून सांगितलं की लोक आपणहून राखतात. शिकलेला नवरा, मी काय बोलणार.

पुढच्या साली पाऊस पडला तो नावाला. शेतात काही पिकलं नाही, आणि वैशाखात पालीकडून येणाऱ्या गवळणीनं सांगितलं की आसरांचा डोह मारायला घेतलाय. मास्तर वर्ग तसाच टाकून निघाले. बैलगाडी मिळाली, मीही बसले. पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. पाणी दुधासारखं गढूळ, काठावर ठेचलेल्या शेराच्या फांद्यांचा ढीग, आणि माणसं, बाया, म्हातारेकोतारे कंबरभर पाण्यात. मोठ्या मरळी पाट्यांत गेल्या होत्या. ती लालसर पिल्लं मात्र कुणाच्या कामाची नव्हती. ती पाण्यावर पसरली होती, सालं टाकावीत तशी.

कुणी चोरासारखं वागत नव्हतं, हेच वाईट. सगळे मास्तरांकडं बघून खुशीत हसत होते. भोयांचा म्हातारा, ज्यानं आयुष्यभर त्या डोहाला वळसा घालून वाट काढली होती, तो ओल्या अंगानं पुढं आला, हात जोडले.

"मास्तर, तुमीच सांगितलं ना, आत कोन न्हाई. लेकरं जगली बगा तुमच्यामुळं."

मास्तर काय म्हणणार? लेकरं खरंच उपाशी होती. संध्याकाळी पालीहून माणूस आला, केळीच्या पानात गुंडाळलेली भली थोरली मरळ घेऊन. गावानं मास्तरांचा वाटा पाठवला होता! माळकऱ्याच्या दारात मासळी, आणि ती पण आभार म्हणून. हसावं की रडावं कळेना. मास्तरांनी ती दोन्ही हातांनी घेतली, त्या माणसाला पाणी दिलं, आणि तो गेल्यावर परसात शेवग्याखाली खड्डा करून पुरली. जेवले नाहीत. मीही नाही.

त्या पावसाळ्यात नदीला पाणी आलं, पण मडकी रिकामीच राहिली. दिवसभर उभं राहून हाताला मुऱ्या नावाच्या दोनचार बारक्या मासळ्या लागायच्या, त्याही वाळूतल्या. मास्तरांनी तहसिलीत दरखास्त दिली की हा डोह राखावा. तिथं कारकून हसला म्हणे. सरकारला मासे राखायचं काय काम? मग एके दिवशी बघते तर मास्तर बाजारातून शेंदूर घेऊन आलेले. डोहावर जाऊन पायदळी गेलेले ते सात दगड त्यांनी शोधून काढले, धुतले, ओळीनं मांडले, शेंदूर लावला. पालीची पोरंटोरं लोळून हसली. मास्तर देवरुषी झाले म्हणाली. ज्यांनी आत कोणी नाही म्हणून छातीठोक सांगितलं, त्यांच्या हातच्या शेंदराला कोण भिणार? परत येताना गाडीत ते एवढंच म्हणाले, अगं, कारण सांगायच्या आधी मी राखण काढून घेतली. मला लई वाईट वाटलं. पण मी एक सांत्वनाचा शब्द बोलले नाही, कारण मला रागही आला होता. अजून येतो.

मग हिवतापानं त्यांना धरलं. महिनाभर अंथरुणात. दवाखान्यातल्या डॉक्टरानं छातीला नळी लावून बघितली आणि मला बाजूला घेऊन बजावलं की हृदय कमजोर झालंय, दगदग नको, थंड पाणी तर अजिबात नको. मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी मला शपथ घातली की हे मदरशात कळता कामा नये, नोकरी जाईल. म्हणून ते आम्हा दोघांत राहिलं.

उन्हाळा आला. त्यांना एकच ध्यास, एखादी तरी मरळ खडकाच्या पोकळीत तगली असेल का? मी रोज भांडायची. काठावरूनच बघतो म्हणून कबूल करवून घेतलं, बरोबर येते म्हटलं. त्या जुम्म्याला माझ्या भावाकडचं माणूस आलं, त्याला जेवू घालीपर्यंत हे निघून गेलेले. खुंटीवर टोपी नव्हती आणि फळीवरचा पितळी तांब्या नव्हता. म्हणजे नुसतं काठावरून बघणार नव्हते.

दुपार कलायच्या आत पालीहून गाडी आली. मी पोचले तेव्हा त्यांना काठावर करंजाखाली निजवलं होतं. म्हाताऱ्या भोयानं एकट्यानं पाण्यात उतरून त्यांना बाहेर काढलं होतं. दुसरं कुणी पाण्यात पाय घालायला तयार नव्हतं. सगळं गाव लांब, टेकाडावर, जीव मुठीत धरून उभं. मी त्यांच्याजवळ बसले. तोंड शांत होतं. अंग त्या झऱ्याच्या पाण्यासारखं गार. किती वेळ रडले ठाऊक नाही. डोळे पुसून बघते तर सात दगडांपाशी तो पितळी तांब्या, पाण्यानं भरलेला, वर करंजाचा पाला झाकलेला. पाला काढला. आत लालसर पिल्लं होती. जिवंत. मरळीची.

म्हणजे मरळी तगल्या होत्या. माझ्या राजानं त्या बघितल्या, मला दाखवायला पिल्लं तांब्यात घेतली, चित्र काढायला, आणि पुन्हा आत उतरला. आणखी बघायचं असणार. एकदा बघून कधी समाधान झालं त्यांचं?

मी तांब्या उचलला, पाण्याशी गेले आणि पिल्लं डोहात सोडली. टेकाडावर कुजबुज थांबली. म्हातारा भोई माझ्या मागं उभा होता. तो खाली वाकून हळूच बोलला.

"बाई, मास्तर म्हनत आत कोन न्हाई. मग खरं सांगा, आसरांनीच नेलं का ओ त्यास्नी?"

मला डॉक्टरचे शब्द ठाऊक होते. तो झरा किती गार आहे हे ठाऊक होतं. मास्तर जिवंत असते तर एका वाक्यात कारण सांगून मोकळे झाले असते, आणि लोकांनी मान डोलावली असती, आणि वैशाख सरायच्या आत शेराच्या फांद्या पुन्हा आल्या असत्या. पाण्यात ती पिल्लं अजून एका जागी गोळा झाली नव्हती, सैरभैर फिरत होती. मी म्हाताऱ्याकडं न बघता सांगितलं.

"होय बाबा. आसरांनीच नेलं."

त्याला आता लई वर्षं झाली. त्या डोहात कुणी जाळं टाकलेलं नाही. दुष्काळातसुद्धा नाही. पुराच्या पाण्यात पार बीडपर्यंत मरळी उतरतात, भोयांच्या पाट्या भरतात, आणि बाजारातून जाताना मी पदर नाकाला लावत नाही. पालीच्या बाया पोरांना धाक घालतात, दुपारचा तिकडं गेलास तर मास्तरला नेलं तसं तुला नेतील. ज्या माणसानं उभा जन्म लोकांची भीती घालवण्यात काढला, त्याचीच मी भीती करून ठेवली. रागावले असतील. रागवोत बापडे, मला वर गेल्यावर भांडायला कुणीतरी हवंच आहे.

दर वैशाखात मी तिथं जाते. विधवेनं ओटी भरायची नसते, म्हणून नुसता शेंदूर लावते आणि दहीभात ठेवते. मागं न बघता परतायची रीत आहे, तेवढी मात्र मी पाळत नाही. काठावर बसते. लालसर घोळका वर आला की हळूच म्हणते, अहो, आहेत. मग तांब्या उचलते आणि घरी येते.