पुलावर ठेवलेला हात

शाळाभर बोंब होती, की वर्कशॉपच्या मिस्त्रीमामांनी आमच्या रोबोटच्या हाताचं डिझाइन पलीकडच्या शाळेला विकलं. साफ खोटं! नेलं माझ्या सख्ख्या दादानं. तिथे रोबोट-संघाचं कप्तानपद मिळतंय म्हटल्यावर हा पठ्ठ्या मामांच्या टेबलावरचा कागद उचलून शाळा बदलून मोकळा.

याला कानस धरायला शिकवली कोणी? मामांनी. "अरे, कानस आहे ती, कंगवा नव्हे! खॉक!" (शेवटच्या खोकल्याशिवाय मामांची नक्कल पुरी होत नाही.)

"मी सांगू का सगळ्यांना?" मी मामांना विचारलं.

"तू नको. त्याला येऊन म्हणू दे, मी नेलं. बास."

स्पर्धेत बिजागरीवर उभा असलेला पूल रोबोटनं ढकलून आडवा पाडायचा आणि त्यावरून पलीकडे जायचं. सगळे मोठी मोटर लावतात. मामांनी हातच लांब केला. "बिजागरीपासून जितकं लांब रेटशील, तितका जोर कमी." टोकाला मोडक्या खुर्चीचं चाक, म्हणजे पूल खाली जाताना हात अडकत नाही, घरंगळतो. पण चाक कागदावर नव्हतं. शेवटची गोष्ट मामा कागदावर काढतच नाहीत. हाताला पटली की बसवतात.

झालं! स्पर्धेत दादाच्या रोबोटचा हात पुलाला चिकटून बसला आणि रोबोटचीच पुढची चाकं हवेत. आम्ही हुर्यो केली. मामा मात्र उठले, खिशातलं त्याच खुर्चीचं दुसरं चाक दादाच्या तळहातावर ठेवलं आणि परत येऊन बसले. दुसऱ्या खेपेला पूल अलगद आडवा. बक्षीस घेताना दादा माइकवर म्हणाला, "डिझाइन संपूर्ण माझं."

चार दिवस मामांनी लेथवरून मान वर केली नाही. शेवटी मीच पैज लावली. "तुम्हाला हसवून दाखवतो. हरलो तर महिनाभर लेथखालचा कीस झाडीन."

"लाव," मामा पाठमोरेच म्हणाले आणि लेथ चालू केलं.

मी दारात जाऊन दादाचा आवाज काढला, अगदी घोगरा, लाडीगोडीचा. "मामा, चुकलो हो. मी नेलं."

लेथ बंद झालं. मामा गर्रकन वळले. चेहरा उजळला होता.

दारात मीच होतो.

मामांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला.

"आवाज बरोबर जमलाय," ते म्हणाले. "झाडू दाराआड आहे."