रेडिएटरमधला भंडारा

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण आमचं फारसं जमतही नव्हतं. मैलारचा खंडोबा आमचा कुळस्वामी. आई दर रविवारी त्याचा उपास करायची आणि मी जीपच्या बॉनेटखाली डोकं घालून बसायचो. माझा देव म्हणजे स्टिअरिंगसमोरचा पाण्याचा काटा. इंजिनातलं पाणी किती तापलं ते तो सांगतो, आणि आमच्या औरादकडच्या उन्हात ज्याची काट्यावरची नजर हलली त्याचं इंजिन गेलंच म्हणून समजा. आमच्या चिंताकी गावात भाड्याची जीप माझी एकट्याचीच, त्यामुळं अंगात थोडा ताठाही होता.

म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं, त्यानंतरच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. धाकटी बहीण शांता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. वैशाखातल्या एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या आणि दुपार होता होता सुईण बाहेर येऊन म्हणाली, "पोर आडवं हाय. आता माझ्या हातात न्हाई. बीदरला न्या, न्हाई तर दोघंबी जातील." जीपच्या मागच्या बाकावर गोधड्या अंथरून शांताला निजवलं, आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि आम्ही निघालो.

अर्ध्या वाटेपर्यंत काटा शहाण्यासारखा मधे होता. मांजरेचा पूल जवळ आला तसा तो वर सरकू लागला. मी वेग कमी केला, वारा लागावा म्हणून बॉनेट थोडं उचलून दोरीनं बांधलं. कशाचाच उपयोग होईना. काटा लाल पट्टीला टेकला तेव्हा नाइलाजानं पुलापाशी थांबलो. वाकून बघतो तर रेडिएटरच्या जाळीतून पाण्याची बारीक धार लागलेली. पुढं बीदरचा चढ. पाण्यावाचून त्या चढावर इंजिन जाम होणार हे मला लख्ख दिसत होतं, आणि रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं. "अण्णा, कामून थांबलास?" शांता मागून विचारत होती. मी पाण्याचा रिकामा डबा घेऊन नदीकडं वळलो.

नदीच्या वाळूत टरबुजांची वाडी होती. तिथून एक म्हातारे चाचा खांद्यावर भरलेली घागर घेऊन वर आले. मी हाक मारलेली नव्हती. "घबराव नक्को भाई, पानी भौत है," एवढंच म्हणाले. इंजिन चालूच ठेवून, टोपणावर ओलं फडकं धरून मी वाफ जाऊ दिली आणि थोडं थोडं पाणी सोडू लागलो. वरून ओतावं आणि खालून गळावं. चाचा आणखी एक खेप करून आले. मी अगदी रडकुंडीला आलो होतो.

तेवढ्यात आई खाली उतरली. तिनं कमरेचा बटवा सोडला, मैलारहून आणलेला भंडारा ओंजळीत घेतला आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत ती सगळी हळद रेडिएटरच्या उघड्या तोंडात टाकली. मी ओरडलोच, "माय, येडी झालीस का? देव हाय का ह्यो? जाळी तुंबंल की!"

"तुंबू दे," ती म्हणाली. "लेक माझी मरायलीय आन् तू नुसता काट्याकडं बघायलास. बस गाडीत!"

चाचांनी माझा डबा भरून दिला. टोपण सैलसर लावून मी शेवटचं वाकून पाहिलं. धार थेंबांवर आली होती. बघता बघता थेंबही थांबले.

दुसऱ्या गिअरमध्ये चढ धरला. काटा लाल पट्टीच्या अलीकडं थरथरत राहिला. इतकी वर्षं त्याच्याकडं बघत आलो, पण त्याला बघणं एवढंच आपलं काम, खाली आणणं आपल्या हातात नाही, हे त्या चढावर मला कळलं. मनात म्हटलं, देवा, गाडी तुझी, बहीण तुझी, मी आपला गिअर बदलतो. काटा पट्टी ओलांडून गेला नाही. माथ्यावर पोचल्यावर किल्ल्याचा तट दिसला आणि मी असा हॉर्न वाजवला की रस्त्याकडेच्या शेळ्या पळाल्या. कळांच्या मधेच शांता हसली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लगेच ऑपरेशनला घेतलं. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. मायलेकी सुखरूप. आईनं त्या व्हरांड्यात फुगडी घालायची तेवढी बाकी ठेवली.

पुढं गॅरेजात रेडिएटर उघडला तेव्हा मिस्त्री हसला. ट्रकवाले अडल्या वेळी हळदच टाकतात म्हणाला, बारीक भोक बुजतं. मी घरी येऊन आईला डिवचलं, "माय, खंडोबानं न्हाई, हळदीनं तारलं आपल्याला."

ती नातीला शेक देत होती. मान वर न करता म्हणाली, "व्हय? तुला तवा ठावं होतं का हळदीचं?"

"न्हाई."

"मला तरी कुठं ठावं होतं? मग माझा हात कुणी न्हेला तिथं?"

याचं उत्तर शोधायचा हट्ट मी सोडून दिला. सव्वा महिना झाल्यावर सगळ्यांना घेऊन मैलारला गेलो. शांतानं लेकीला देवाच्या पायरीवर ठेवलं. काहीतरी मागावं म्हणून मी हात जोडले, तर मागायला काही सुचेचना.