धुक्यात रेवतीचा आवाज कड्याकडून आला

मंडळी, दुपारी घरी पोचलोय.

आज सकाळी त्र्यंबकच्या पलीकडच्या पठारावर फोटोग्राफीची कार्यशाळा होती. पावसाळा सरलाय, गवत सोनेरी झालंय. मी आणि माझी धाकटी बहीण रेवती हौसेनं गेलो होतो.

ऊन यायच्या आत दरीतून धुकं वर चढलं. बघता बघता शेजारचा माणूसही दिसेना. शिकवणारे सर ओरडले, "आहात तिथंच खाली बसा! कुणी हलू नका!"

मी हाक मारली, "रेवती!"

"आले रे दादा, तुझ्याकडेच येतेय."

आवाज कड्याच्या बाजूनं आला होता.

"येऊ नकोस! खाली बस!" मी किंचाळलो. नुसते दगड घरंगळत गेले, बराच वेळ.

धुकं विरळ झालं तेव्हा ती कड्याच्या टोकाशी गवत घट्ट धरून पालथी पडली होती. कॅमेरा दरीत गेला होता. सरांनी आणि मी तिला ओढून मागे घेतलं.

आत्ताच कार्यशाळेच्या ग्रुपवर सरांचा मेसेज आला. पुढच्या रविवारची बॅच त्याच पठारावर, ठरल्याप्रमाणे.

तुमच्यापैकी कुणी नाव दिलंय का?