कानातलं नाव

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही, आई असताना आईलाही नाही. देवापुढे उभी राहिले की दुसरंच काहीतरी बोलून निघून येते. तिथेही आपण आपल्याला हवं तेवढंच बोलतो — नाही का? तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही समोर बसलेले नाही. तुमचा चेहरा मला दिसणार नाही, हे माझ्या सोयीचं आहे.

मी ऋचाची आत्या. या गोष्टीतली माझी जागा एवढीच. पण आपल्याकडे बारशाला आत्याचा मान केवढा असतो, हे काय सांगायला हवं? आईबापांनी नाव ठरवावं, आजीने नाक मुरडावं, पण पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात ते नाव सांगायचं आत्याने. ती बोलेपर्यंत बाळाला नाव नाही. मी शाळेत शिक्षिका होते, चार लोकांत माझ्या शब्दाला वजन होतं, आणि ते आहे याचा मला चांगलाच तोरा होता.

शेखर माझा धाकटा भाऊ. त्याने केवराशी लग्न केलं तेव्हा आमच्या रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरात आठवडाभर कुणी धड जेवलं नव्हतं. केवरा छत्तीसगढी, महानदीकडच्या खेड्यातली, शेखरच्याच ऑफिसात टायपिस्ट. आईने शेवटी हो म्हटलं, पण लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं नवं नाव लिहायला लावलं — कविता. केवरा हसून कविता झाली. वीस-बावीस वर्षं जे नाव अंगावर होतं ते एका सकाळी काढून घेतलं. आम्हाला वाटलं, बरी आहे पोरगी, वाकते. मी इथे तिला केवराच म्हणणार आहे. तोंडावर मी आजही कविता म्हणते.

तिचं पहिलं मूल मुलगा होता. तिच्या माहेरी सहाव्या दिवशी छट्ठी करतात आणि तेव्हाच नाव ठेवतात. तिची आई त्यासाठी गावाहून आलीही होती. आमच्या आईने तिला चहा पाजला आणि सांगितलं की आमच्यात बाराव्या दिवशी बारसं असतं, त्याआधी नाही. मीही आईच्या बाजूने बोलले. बारा दिवस काही ते बाळ थांबलं नाही. नवव्या दिवशी गेलं — नावाशिवाय. त्याच्याबद्दल बोलताना आजही घरात सगळे ‘तो’ म्हणतात, दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या वेळी मुलगी झाली. छत्तीसगढ वेगळं राज्य झालं त्या हिवाळ्यात. रायपूर राजधानी झालं म्हणून गल्लीत पेढे वाटले गेले, आम्हीही वाटले. भोपाळहून साहेब लोक यायला लागले, घरं मिळेनात, भाडी चढली. आमच्या वरच्या मजल्यावरही एक मोठे साहेब कुटुंबासह भाड्याने आले, आणि आईची मान कॉलनीत — म्हणजे पाऱ्यात — जरा जास्तच ताठ झाली. माझीही. मी बुढापाऱ्यात राहत होते, दहा मिनिटांवर, पण त्या दिवसांत जिना चढून साहेबांच्या बाईंना ‘नमस्ते’ करायला मी काही ना काही निमित्त काढून माहेरी यायचे.

आणि केवराने सांगितलं, मुलीचं नाव बिसाहिन ठेवायचं.

बिसाहिन म्हणजे विकत घेतलेली. तिच्या गावाकडे आधीचं मूल गेलं असेल तर पुढचं दुसऱ्या कुणाच्या पदरात टाकून देतात आणि मूठभर तांदळाची कणी देऊन परत विकत घेतात. मूल मग त्या आईचं राहत नाही, विकतचं होतं, आणि त्याच्यावर कुणाचा डोळा राहत नाही. आपल्याकडे हे नाही असं कुणी म्हणू नये. माझ्या आजोबांचं नाव दगडू होतं. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून. त्याच दगडूजींची सून, माझी आई, कपाळावर हात मारून म्हणाली, “भांडेवालीचं नाव ठेवून राहिला का रे शेखर नातीले? पोट्टी शाळेत जाईन तवा पोट्टे हासतील तिले!”

कारण आमच्याकडे भांडी घासायला यायची तिचं नाव बिसाहिन होतं. गल्लीत आणखी दोघी होत्या. माझ्या शाळेतल्या मैत्रिणींना मी सांगितलं तर त्या हसून हसून लोटपोट झाल्या. मीही त्यांच्याबरोबर हसले — हे आधी सांगायला हवं होतं.

पण केवरा या वेळी वाकेना. रडली नाही, भांडली नाही, फक्त हटेना. एका दुपारी बाळंतिणीच्या खोलीत तिने माझा हात धरला. म्हणाली, “दीदी, बिना नाम के लइका किसी का नहीं होता. कोई भी ले जाता है. आप कान में बोल दोगी ना?” लइका म्हणजे लेकरू. मी हो म्हटलं. त्यांच्यासारखंच ‘हव’ म्हटलं, तिला बरं वाटावं म्हणून. छट्ठीच्या दिवशी आई मुद्दाम देवळात निघून गेली. मागच्या अंगणात केवराच्या आईने बाळाला सुपात घालून माझ्या पदरात दिलं, आणि केवराने मूठभर कणी माझ्या ओंजळीत टाकून तिला परत घेतलं. म्हणजे ते मूल मी विकलं होतं. व्यवहार माझ्याशी झाला होता. आता फक्त नाव सांगायचं बाकी होतं.

शेखरने आईची समजूत घातली — नाव केवराचं, पण बारसं आपल्या पद्धतीचं. आई घुश्शातच कामाला लागली.

बारशाला घर भरलं. माझ्या शाळेच्या बाया आल्या, पाऱ्यातली मराठी घरं आली, आणि जिना उतरून वरच्या साहेबांच्या बाई आल्या, चांदीची वाटी घेऊन. खुर्चीवर बसता बसता त्यांनी मला विचारलं, “क्या नाम सोचा है?” मी हसून टाळलं. पाळण्याखालून ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ झालं. बायका गात होत्या. केवरा पाटावर बसली होती, नव्या हिरव्या लुगड्यात, आणि ती पाळण्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती. मागे अंगणातून भांड्यांचा आवाज येत होता. कुणीतरी हाक मारली, “अगं बिसाहिन, पातेलं आण!”

मी पाळण्याशी वाकले. बाळाच्या कानाशी तळहात आडवा धरला. ‘कुर्रर्र’ केलं. आणि म्हटलं —

थांबा. इथेच मी नेहमी थांबते. आईच्या धाकाने झालं असं म्हणू? धाक होता, पण शेखरने ते मिटवलं होतं. शास्त्र शिकवणारी बाई, असल्या समजुतींवर माझा विश्वास नव्हता, असं म्हणू? मग कानात म्हणायला काय जात होतं? मोठ्याने काहीही जाहीर केलं असतं तरी कानात मी काय म्हणते ते कुणाला ऐकू येत होतं? तळहात होता मध्ये. बाळ आणि मी, दोघीच होतो. तेवढ्या जागेत तरी मी शब्द पाळू शकले असते.

मला त्या नावाची किळस आली. एवढंच आहे ते. माझ्या भावाच्या मुलीला, साहेबांच्या बाईंसमोर, भांडीवालीचं नाव — ते माझ्या ओठांवर येईना. मी कानात ‘ऋचा’ म्हटलं आणि मान वर करून मोठ्याने ‘ऋचा’ म्हटलं. हे नाव मला कॉलेजात असल्यापासून आवडायचं. बायकांनी रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले, आई आनंदाने रडायला लागली, आणि साहेबांच्या बाई म्हणाल्या, “वाह, कितना सुंदर नाम!” खरं सांगते, त्या क्षणी मला फार छान वाटलं.

पाहुणे जेवायला बसल्यावर मी तिच्या खोलीत गेले. ती बाळाला घट्ट धरून बसली होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. रागावलेली नव्हती. घाबरलेली होती. तिने एवढंच विचारलं, “दीदी… कान में?”

आणि मी म्हटलं, “कानात बिसाहिनच सांगितलं गं. मोठ्याने म्हटलं ते लोकांसाठी. खरं नाव कानातलं.”

किती सहज आलं हे तोंडात! आधी ठरवलं नव्हतं, शोधावं लागलं नाही. केवराने बाळाला गादीवर ठेवलं, ओली बाळंतीण ती, खाली वाकली आणि माझ्या पायांवर डोकं टेकवलं. तेव्हा सांगता आलं असतं. दार लावून, त्याच खोलीत, बाळाच्या कानात ते नाव तेव्हाही म्हणता आलं असतं. मी तिला उठवलं आणि म्हटलं, “वेडी आहेस का, चल जेवून घे.”

शेखरलाही तिनेच सांगितलं की दीदीने कानात आपलंच नाव सांगितलं. तोही सुटला. ताईने कशी दोन्ही घरं राखली, असं तो अजून म्हणतो. घरात मी शहाणी ठरले.

केवराने मुलीला ऋचा म्हणून कधी हाक मारली नाही. ती ‘नोनी’ म्हणते, त्यांच्याकडे सगळ्याच मुलींना म्हणतात तसं. लोकांना तो लाड वाटतो. मला ठाऊक आहे की ती खरं नाव झाकून ठेवते, कारण मी तिला सांगितलं की ते झाकलेलं आहे.

ऋचा पाच वर्षांची असताना तिला ताप आला आणि तो उतरेना. समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टर शेखरला बाजूला घेऊन हळू बोलले, आणि शेखर भिंतीला टेकून खाली बसला. आई जप करत होती. फक्त केवरा शांत. पोरीच्या कपाळावर पट्ट्या बदलत सगळ्यांना धीर देत होती — “इसको कुछ नहीं होगा. दीदी ने कान में बोला है.” असं म्हणून ती माझ्याकडे बघायची. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

दुपारी ती चहा आणायला खाली गेली. खाटेजवळ मी एकटी होते. पोरीचा कान माझ्यासमोर होता, लहानसा, तापाने लाल झालेला. त्यात एक शब्द म्हणायचा होता. माझा विश्वास असो नसो, केवराचा होता. त्या एका शब्दाच्या जिवावर तर ती उभी होती. मी वाकले. अगदी जवळ गेले. तेवढ्यात नर्स सलाईन बघायला आली आणि शेजारच्या खाटेवरची बाई मान वळवून बघायला लागली. मला वाटलं, ऐकलं तर विचारतील, हे काय म्हणता? मी पोरीचे केस सारखे केले आणि सरळ झाले.

बारशाच्या वेळी निदान घर भरलं होतं. इथे कोण होतं? एक नर्स आणि एक अनोळखी बाई. त्या दोघींची मला लाज वाटली, आणि पोरीपेक्षा ती लाज मोठी ठरली. आज मी ज्याची कबुली देते आहे ते बारसं नाहीच कदाचित. ती दुपार आहे.

ऋचा वाचली. औषधांनी वाचली, असं मी मानते. केवरा मानते मी वाचवली. आता ऋचा नोकरी करते, नव्या रायपुरात तिचं ऑफिस आहे, मराठी समजतं पण उत्तर हिंदीत देते, आणि मला सगळ्यांत जास्त जीव लावते. तिच्या आईने शिकवलंय तसं. मूल वाचलं, मग बिघडलं काय, असं तुम्ही म्हणाल. मी पण म्हणून पाहिलं आहे. ज्या दुपारी मी वाकून परत सरळ झाले, त्या दुपारी ती वाचणार आहे हे मला ठाऊक नव्हतं.

दर वर्षी ऋचाच्या वाढदिवसाला केवरा माहेरच्या नव्या तांदळाची कणी घेऊन माझ्याकडे येते. मूठभरच. आता स्टीलच्या डब्यात आणते. पोर स्वस्तात मिळाली, किंमत अजून फेडते आहे, असं म्हणते. या वर्षी तिचे गुडघे दुखत होते, तरी जिना चढून आली, ऋचाचा खांदा धरून. डबा उघडला आणि हसून म्हणाली, “लो दीदी, आपका हिसाब.”

मी पदर पसरला आणि घेतली. दर वर्षी घेते.

हे सगळं मी मराठीत लिहिलं आहे. केवरा मराठी वाचत नाही. ऋचाही वाचत नाही. लिहायला बसण्याआधीच मला ते माहीत होतं.